विहीर नंबर नऊ

आमच्या शेंदूरजनाघाटात पोट्टं सातवी-आठवीत गेलं की त्याला डोळा भरता येतो. जंबेरीचा नाहीतर रंगपूर लिंबाचा पेन्सिलीएवढा खुंट धरायचा, जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी टी सारखी चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा काढून तिच्यात सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. हिवाळ्यात शाळा सुटली की अर्धी शाळा पन्हेरीतच. हजारावर मजुरी. या कलमा इथून ट्रकनं मध्यप्रदेशात, राजस्थानात जातात. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं हे गाव नगरपरिषदेचं असलं, तरी गावच आहे, आणि गावाचा जीव संत्र्यात आहे.

पण डोळा भरणारं हेच पोट्टं वर्गात बसलं आणि त्याला 'वनस्पतीची वाढ कशी होते' असं विचारलं, तर ते पुस्तकातलं उत्तर घोकून सांगायचं. डोळा जमिनीलगत भरला तर झाडाला डिंक्या का लागतो, हे त्याला हाताने माहीत, तोंडाने नाही. शाळेतलं विज्ञान वेगळं आणि वावरातलं वेगळं. दोघांची ओळख करून द्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. आम्हाला नववीत विज्ञान शिकवायला जे सर आले, त्यांना सुचलं.

ते २००४ साल होतं. त्या वर्षी देशभरातच पाऊस कमी झाला. आमच्या वरुड-मोर्शीकडे तर पाण्याचं रडगाणं त्याच्या आधीपासून चालू होतं. गावात रात्री बोअरच्या गाड्या फिरायच्या. दगड फोडतानाचा तो आवाज मैलभर यायचा. झोपेतही कळायचं, आज कोणाच्या धुऱ्यावर मशीन लागली. सकाळी पांढरा धुरळा बसलेला दिसायचा, आणि बाया विहिरीवर विचारायच्या, "लागलं काय वो पानी? का फोकट गेला?"

सरांनी जूनच्या शेवटच्या आठवड्यात वर्गात सांगितलं की राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेस नावाचं एक काम असते, ते १९९३ पासून देशभर चालते, दहा ते सतरा वर्षांची मुलं त्यात आपल्याच गावाचा एखादा प्रश्न घेऊन अभ्यास करतात, आणि यंदाचा विषय पाणी आहे. मॉडेल नाही करायचं. थर्माकोल आणायचा नाही. मोजायचं.

"काय मोजाचं सर?"

"विहिरी."

वर्ग हसला. विहीर ही काय मोजायची वस्तू आहे? पण पाच जण उभे राहिले. तीन मुलं, दोन मुली. दोघींपैकी एक मी. मी उभी राहिले त्याचं कारण विज्ञानाची आवड नव्हतं. आमच्या घरात त्या वर्षी विहिरीवरून भांडण पेटलेलं होतं.

आजोबांनी खोदलेली विहीर बाबा आणि मोठे बाबा यांच्यात सामाईक होती. वाटण्या झाल्या तेव्हा बगिचा अर्धा-अर्धा झाला, विहीर कशी कापणार? चार दिवस आमची पाळी, चार दिवस मोठ्या बाबांची. वीस वर्षं हे सुरळीत चाललं. मग त्या उन्हाळ्यात मोठ्या बाबांनी त्यांच्या बाजूनं, विहिरीपासून शे-सव्वाशे पावलांवर, पाचशे फुटांचा बोअर मारला. पानाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली होती. पाणी लागलं. आणि पंधरा दिवसांत आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलं. बाबा म्हणायचे बोअरनं ओढलं. मोठे बाबा महादेवाची शपथ घेऊन सांगायचे की बोअरचं पाणी पाचशे फुटांवरचं, विहीर चाळीस फुटांची, दोघांचा संबंधच काय? बोअर असूनही त्यांनी विहिरीची पाळी सोडली नव्हती, हे बाबांना जास्त लागलं होतं. पोळ्याला आमचे बैल एका तोरणाखाली उभे राहिले नाहीत. मोठी आई आणि आई भिंतीच्या दोन बाजूंनी भांडी घासायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत. आजी मात्र दोन्ही घरी जेवायची.

आम्ही गावाच्या उत्तर अंगाच्या चोवीस विहिरी निवडल्या. प्रत्येकीला नंबर दिला. सरांचा नियम असा की वहीत मालकाचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. शहाण्या माणसाचा नियम होता तो, पण गावात कोणती विहीर कितव्या नंबरची हे आठ दिवसांत पानठेल्यावरही पाठ झालं. आमची विहीर नंबर नऊ.

विहीर मोजायची कशी, इथपासूनच अडलं. एकानं पुस्तकातलं सूत्र काढलं: दगड टाकायचा, पाण्यावर आपटल्याचा आवाज येईपर्यंत वेळ मोजायचा. दोन सेकंद लागले तर पाणी साधारण वीस मीटरवर. सर म्हणाले, करून पाहा. आमच्या हातातल्या घड्याळांनी एकाच विहिरीचं उत्तर पाच जणांचं पाच प्रकारे आलं. मग सुतळीला दगड बांधून सोडली. सुतळी ओली झाली की लांब होते, हे कपडे वाळू घालणाऱ्या आमच्या आयांना ठाऊक होतं, आम्हाला त्या दिवशी कळलं. शेवटी मोटारीची जुनी केबल घेतली, ती ताणत नाही. तिच्यावर मीटरच्या खुणा केल्या. खालच्या टोकाला सरांनी वर्गातला खडू घासायला लावला. केबल पाण्यात बुडाली की जितका खडू ओला होऊन उतरायचा, तितकी लांबी एकूण लांबीतून वजा करायची. भूजलाचे अभ्यासक अशाच रीतीने खडू लावलेली टेप वापरतात, हे मला पुढे कॉलेजात समजलं. तेव्हा वाटलं होतं, सरांनी आपल्या मनानंच काढलं.

वेळेचा प्रश्न होता. मोटार चालू असताना मोजलं तर काहीच अर्थ नाही, विहीर निदान सात-आठ तास निवांत पाहिजे. हे काम लोडशेडिंगनं फुकटात करून दिलं. लाईन कधी जाते न् कधी येते याचं वेळापत्रक सगळ्या गावाच्या तोंडपाठ होतं. मुलं रविवारी पहाटे निघायची, लाईन यायच्या आधी पांदणीनं फिरून चोवीस विहिरी उरकायची.

आम्हा दोघी मुलींना पहाटे अंधारात विहिरींवर हिंडायला घरून कोण सोडणार? म्हणून आमच्याकडे दोन कामं आली. दिवसा मोटारींचं पाणी मोजायचं आणि म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. मुलं आम्हाला चिडवायची, "तुमचं तर गप्पाचंच काम हाय." पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं ते निघालं. सत्तरीतल्या एका आजीनं सांगितलं की तिच्या लग्नाच्या साली या विहिरीवर मोट चालायची, आणि उन्हाळ्यात नाडा किती लागायचा, ते तिनं हात पसरून दाखवलं. नाडा इतके हात लांब, म्हणजे पाणी इतकं खोल. आम्ही तिचा हात टेपनं मोजला, गुणाकार केला. झाली पन्नास वर्षांपूर्वीची पातळी! कोणत्या कचेरीत हा आकडा मिळाला असता? दुसऱ्या एका आजोबांनी आठवणीत विहिरीच्या पायऱ्या मोजून सांगितल्या, कोणती पायरी कोणत्या सालच्या उन्हाळ्यात उघडी पडली. त्यांना वर्षं आकड्यांत आठवत नव्हती. 'मोठ्या पोरीच्या लग्नाच्या साली', 'बैल मेला त्या साली' असा हिशेब. तो आमच्या सालांत बसवायला इतिहासाच्या बाईंनी मदत केली.

भूगोलाचे सर नकाशा काढायला आले, तेव्हा खरी अडचण त्यांनी दाखवली. म्हणाले, एका विहिरीत पाणी काठापासून दहा मीटरवर, दुसरीत बारा मीटरवर. पण दुसरीचा काठच उंचावर असला तर? आपला उतार डोंगराकडून नदीकडे. म्हणजे आधी काठांची उंची पाहिजे. आमच्यातल्या एकाचे वडील गवंडी होते. त्यांनी हसत हसत आपली पारदर्शक नळी दिली. तिच्यात पाणी भरायचं, दोन टोकं दोन माणसांनी धरायची. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत राहते. एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत असं टप्प्याटप्प्यानं जायचं. चोवीस विहिरी जोडायला आम्हाला तीन रविवार लागले. त्या गवंडीकाकांनी एका रविवारी कामाची रोजी पाडून आम्हाला नळीतला हवेचा बुडबुडा कसा काढायचा ते शिकवलं, कारण बुडबुडा राहिला की सगळं चुकते. विज्ञान, भूगोल, गणित, इतिहास आणि गवंडीकाम असं सगळं त्या नकाशात होतं. आज याला मोठा शब्द आहे. सर त्याला 'खिचडी' म्हणायचे.

ही खिचडी सरांनी आणली कुठून, ते मला नंतर कळलं. आमच्या गावाहून उत्तरेला सातपुडा चढला की बैतूल, आणि त्याच्या पलीकडे होशंगाबाद. तिथे १९७२ साली सोळा शाळांत विज्ञान करून शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला होता. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला, पुढे १९८२ पासून एकलव्यनं सांभाळला. मुलांच्या हातात 'बाल वैज्ञानिक' नावाची पुस्तकं, त्यांत उत्तरं नाहीत, प्रयोग आणि प्रश्न. तीस वर्षं चालला, आणि २००२ मध्ये तिथल्या सरकारनं बंद केला. सरांकडे त्या पुस्तकांच्या जुन्या हिंदी प्रती होत्या. दुसरी शिदोरी पुण्याकडची. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या मुलांनी शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य हे हाताने शिकायचं आणि गावाला त्याचा उपयोग झाला पाहिजे, अशी त्यांची शाळा. जमिनीतून वीज सोडून पाण्याचा अंदाज घ्यायचं यंत्रही तिथली पोरं चालवायची. आमच्याकडे नारळ, तिकडे यंत्र! आणि खरं पाहिलं तर हातानं काम करत शिकण्याची गोष्ट आमच्या शेजारच्या वर्ध्यात गांधीजींनी १९३७ सालीच मांडली होती. आमच्यापर्यंत ती यायला पहाड ओलांडून वळसा घ्यावा लागला, एवढंच.

ऑगस्टच्या शेवटी पावसानं खंड दिला. आणि त्यातच आमच्या बाजूची डीपी जळाली. अकरा दिवस त्या लाईनवरची एकही मोटार चालली नाही. लोकांनी कचेरीत चकरा मारल्या, वर्गणी गोळा केली, शिव्या दिल्या. आमच्या वहीत मात्र त्या अकरा दिवसांत दोन रविवार आले. दुसऱ्या रविवारी मुलं धावतच सरांकडे गेली. थेंबभर पाऊस नाही, तरी त्या डीपीवरच्या सातही विहिरी वर आल्या होत्या. बाकीच्या सतरा खालीच सरकल्या होत्या.

मी ती वही घरी नेली. बाबांनी नंबर नऊची ओळ बोटानं धरून दोनदा वाचली.

"पाह्य. बोअर बंद होता तं पानी वर आलं. आता काय म्हनते तुहे मोठे बाबा?"

ते वही घेऊन उठलेच होते. आईनं थांबवलं म्हणून थांबले. दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं की सिद्ध झालं. सरांनी चष्मा काढला, पुसला. "डीपी जळाली तेव्हा बोअर बंद होता. अजून काय बंद होतं?"

मला कळलं नाही. मग कळलं. आमचीही मोटार बंद होती. मोठ्या बाबांची विहिरीवरची मोटारही बंद होती. पाणी कोणी न ओढल्यामुळे चढलं, हे खरं. पण कोणाच्या न ओढण्यामुळे किती चढलं, हे वहीत कुठेच नव्हतं. ते काढायचं तर विहिरीवरच्या मोटारी दोन दिवस बंद ठेवून फक्त बोअर चालू ठेवायला पाहिजे, आणि दोन दिवस सगळंच बंद. आणि त्यासाठी मोठ्या बाबांच्या घरी जायला पाहिजे.

भिंतीपलीकडच्या त्या घरी मी चार महिन्यांनी गेले. मोठी आई दारात उभी होती, तिनं काही न विचारता पाणी दिलं. मोठे बाबा खाटेवर बसून बिडी ओढत होते. मी घोकून आलेलं सगळं एका दमात बोलले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुह्या बापानं पाठोलं काय?"

"नाही. सरांनी."

"बाप तयार हाय काय मोटार बंद ठेवाले?"

"विचारलं नाही अजून."

"पह्यले त्याले इचार. तो हो म्हनला तं माह्या बी हो. मले बी पाह्याचंच हाय एकदा."

बाबा सहज तयार झाले, कारण त्यांना निकाल आधीच ठाऊक होता. मोठ्या बाबांनाही त्यांचा निकाल आधीच ठाऊक होता. दोघांचे निकाल उलटे होते, पण परवानगी मिळाली.

आमचीच विहीर म्हणून रोज पहाटे मोजायची मुभा मला मिळाली, सोबत आजी कंदील घेऊन यायची. पहिल्या खेपेला आधी सगळं बंद ठेवलं. दोन दिवसांत पाणी चाळीस सेंटिमीटर चढलं. मग फक्त बोअर चालवला. पंचवीस सेंटिमीटर चढलं. सर म्हणाले, विहीर भरत जाते तशी झिरप आपोआप मंदावते, त्यामुळे दुसरे दोन दिवस कमी चढलं असेल तर तो दोष बोअरचा नाही. म्हणून मोटारीनं पाणी पहिल्याएवढं खाली नेऊन दुसऱ्या खेपेला क्रम उलटा केला. आधी बोअर, मग सगळं बंद. आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पण फरक जवळपास तेवढाच राहिला. बोअर विहिरीचं पाणी ओढत होता. मोठ्या बाबांच्या शपथेला महादेव साक्षी असला तरी ओढत होता.

पण किती? विहीर सहा मीटर रुंद. म्हणजे एक मीटर पाणी म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार लिटर. पंधरा सेंटिमीटरचे चार हजार दोनशे लिटर, तेही दोन दिवसांत. आठ दिवसांच्या पाळीचे झाले जवळपास सतरा हजार.

आता आमचं, मुलींचं काम पुढे आलं. बाबांच्या पाच एचपीच्या मोटारीखाली आम्ही दोनशे लिटरचा ड्रम ठेवून पाहिला होता. चाळीस सेकंदांत भरला. म्हणजे तासाला अठरा हजार लिटर. आठ तास मोटार चालली की एक लाख चव्वेचाळीस हजार लिटर आमच्या एकशे ऐंशी झाडांना जायचं. झाडामागे आठशे लिटर. पण झाडाला खरंच आठशे मिळायचे का? पाणी मातीच्या दांडानं जायचं. तेलाचा पत्र्याचा डबा, पंधरा लिटरचा, मोटारीजवळ तीन सेकंदांत भरायचा. तोच डबा दांडाच्या शेवटी खड्ड्यात बसवून धरला, तर भरायला चार सेकंद लागायचे. कितीही वेळा करा, चारच. म्हणजे निघालेल्या चार डब्यांतला एक वाटेतच मुरत होता. एका पाळीत छत्तीस हजार लिटर.

मोठ्या बाबांचा बोअर सतरा हजार, आणि आमचाच दांड छत्तीस हजार.

मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं नाही, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "घरचंच मापं काढलं पोरीनं." आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौदा वर्षांच्या मुलीला ते दोन दिवस फार लांब वाटतात. सरांना सांगितलं तर त्यांनी समजूत काढली नाही, उलट निष्कर्षात आणखी एक ओळ घालायला लावली: दांडात मुरलेलं पाणी वाया गेलं असं म्हणता येणार नाही, त्यातलं काही पुन्हा विहिरीकडेच येत असेल, ते आपण मोजलेलं नाही. मला राग आला होता. एवढं करून पुन्हा 'मोजलेलं नाही' लिहायचं? आता मी स्वतः मुलांना शिकवते तेव्हा ती ओळ मला सगळ्या प्रकल्पात महत्त्वाची वाटते.

आजीनं दोन्ही घरी जेवताना एकच निकाल सांगितला, "दोघायचं बी खरं निंघालं, न् दोघायचं बी खोटं."

अमरावतीला जिल्ह्याच्या मेळाव्यात आम्ही आमचा तक्ता लावला. शेजारी चकचकीत फलक होते, बटन दाबलं की कारंजं उडायचं. आमच्याकडे खडूची केबल, नळी आणि पत्र्याचा डबा. परीक्षकांपैकी एका बाईंनी नेमकं तेच विचारलं, काठांची उंची सारखी नसताना पातळ्या कशा ताडून पाहिल्या? आम्ही नळी उचलली आणि त्यांच्या टेबलावर पाणसळ लावून दाखवली. त्या खुर्चीवरून उठून पाहायला आल्या. राज्यासाठी आमची निवड झाली नाही. परतीच्या एसटीत मुलांनी कारंज्याला यथेच्छ नावं ठेवली आणि सर खिडकीबाहेर पाहत राहिले.

प्रकल्पानं गाव सुधारलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. १९९०च्या दशकात केंद्राच्या भूजल मंडळानं आमच्याच वरुड तालुक्यात पुनर्भरणाचे प्रयोग केले होते, पाझर तलाव, सिमेंटचे बंधारे. त्यांनी पाणी जिरते हे दाखवलं. तरी उपसा जिरण्याच्या पुढे धावत राहिला. राज्याच्या भूजल कायद्यानं साठ मीटरपेक्षा खोल जायला बंदी केली, आणि आमच्याकडे पाचशे, आठशे, हजार फुटांची भाषा चालू राहिली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसं वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात, ठरलेल्या विहिरी मोजून जातात. त्या विहिरींचे आकडे कचेरीत आहेत. पण आपल्या विहिरीचा आकडा आपल्या भिंतीवर लिहिलेलं घर मी गावात एकच पाहिलं, ते आमचं. बाबांनी पुढची काही वर्षं कोळशानं मोटारीच्या खोलीत आकडे लिहिले. मला कधी सांगितलं नाही, सुट्टीत गेले तेव्हा दिसले.

आणि एक झालं. पुढच्या उन्हाळ्याआधी बाबांनी दांड बुजवून पाईप टाकायचं ठरवलं. पाईप मोठ्या बाबांच्या बाजूनं न्यावा लागणार होता. दोन भावांतलं वर्षभरानंतरचं पहिलं बोलणं मी स्वतः ऐकलं. ते असं होतं:

"अडीच इंची घेतं का तीन इंची?"

"अडीच."

"तीन घे. माह्याकडचा एल्बो तीनचा हाय."

बस. गळाभेट नाही, काही नाही. पोळ्याला बैल शेजारी उभे राहिले. झाडांना दुहेरी आळी केली, खोडाला पाणी लागेनासं झालं, तर डिंक्याही कमी झाला. पुढे ठिबक आलं. २०१९च्या उन्हाळ्यात मात्र काहीच पुरलं नाही. मोठ्या बाबांचा बोअर त्याआधीच आटला होता. त्या मे महिन्यात दोन्ही बगिच्यांत मिळून साठेक झाडं उभी वाळली. लाकूडवाल्याचा ट्रॅक्टर आला तेव्हा दोघे भाऊ धुऱ्यावर एकाच दगडावर बसून होते.

मी आता अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यातल्या एका गावी विज्ञान शिकवते. इथे पाणी आहे, पण पूर्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी खारं, पिकाला दिलं तर जमीन आवळून दगड होते. शाळांना आता बरंच काही मिळते. अटल टिंकरिंग लॅब आहेत, इन्स्पायर मानकमध्ये मुलाच्या कल्पनेला दहा हजार रुपये मिळतात, नववी-दहावीला जलसुरक्षा नावाचं पुस्तकच आहे. हे चांगलं आहे, मी नाकारत नाही. पण जलसुरक्षेची वही बहुतेक ठिकाणी एका रात्रीत भरली जाते, आई भरते नाहीतर मोठी बहीण. आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शहरातल्या दुकानात तयार ज्वालामुखी मिळतो, तयार पवनचक्की मिळते. वऱ्हाडात ज्वालामुखी कशाला हवा? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येऊन गेला, त्याचाच काळा दगड आपण बोअरनं फोडतो आहोत, तो आणा की वर्गात.

मुलांना मोजायला लावलं की घरचं काहीतरी उघडं पडते, म्हणून पालकांना थर्माकोल बरा वाटतो. यात पालकांचा दोष मी धरत नाही. माझ्या वर्गातली मुलं यंदा गावातल्या अकरा हातपंपांचं आणि विहिरींचं पाणी तपासताहेत. टीडीएस मीटर आहे, त्याशिवाय साबणाचा फेस किती येतो ते पाहायचं, आणि प्रत्येक पाण्यावर वाटीत दहा-दहा मूग भिजत घालून किती मोड येतात ते मोजायचं. परवा एक मुलगी वही घेऊन आली. पाच नंबरच्या विहिरीसमोरची जागा कोरी होती.

"काहून गं?"

"त्यायनं झाकनाले कुलूप लावलं, मॅडम. म्हने आमच्या पान्याचं नाव खराब करता."

मी तिला विचारलं, विहीर कोणाची. ती नाव सांगायला लागली, तर मी थांबवलं आणि नंबर विचारला. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी मी तिच्यासोबत पाच नंबरवाल्यांच्या घरी जाणार आहे. मुगाची वाटी बरोबर नेऊ म्हणते ती, त्यांनाच त्यांच्या पाण्यात भिजवायला सांगू.